वस्तूच्या शेजारचे पुस्तक : मोठ्या संग्रहालयातील विभागीय ग्रंथालयांचा विचार

मोठ्या संग्रहालयात ग्रंथालये दोन प्रकारची असतात. एक सर्वांसाठीचे: मोठा वाचनकक्ष, लांब टेबले, ग्रंथसूची, मागणी-चिठ्ठी. दुसरे विभागाचे: नाण्यांच्या विभागात नाण्यांवरची पुस्तके, इजिप्तच्या विभागात इजिप्तवरची, मुद्राचित्रांच्या विभागात मुद्राचित्रांच्या सूची. पहिल्या प्रकाराबद्दल मराठी वाचकाने पुष्कळ ऐकलेले असते. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या वर्तुळाकार वाचनकक्षात कार्ल मार्क्स बसत, आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या आरंभी लंडनमध्ये शिकताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही तिथे दीर्घ अभ्यास केला, हे आपल्याकडच्या चरित्रग्रंथांनी घरोघर पोचवले आहे. दुसऱ्या प्रकाराबद्दल मात्र अभ्यासकांच्या लहान वर्तुळाबाहेर कोणी फारसे बोलत नाही. संग्रहालय पाहून आलेल्या माणसालाही आपण ज्या दालनातून चाललो त्याच्या भिंतीपलीकडे त्याच वस्तूंवरची कित्येक कपाटे पुस्तके होती, हे बहुधा ठाऊक नसते.

या विवेचनात मांडायचे ते एवढेच, की विभागीय ग्रंथालय म्हणजे मोठ्या ग्रंथालयाची छोटी आवृत्ती नव्हे. ते संग्रहाचे अंग आहे. त्यात कोणते पुस्तक यावे, ते कुठे ठेवावे, त्याच्या समासात कोणी काय लिहावे, हे सारे वस्तूवरून ठरते. म्हणून तिथे जाणाऱ्याने पुस्तकाचे नाव घेऊन जाण्यापेक्षा वस्तू मनात घेऊन जावे. आणि वस्तू व तिचे पुस्तक यांची ताटातूट झाली, की दोन्हींचे नुकसान होते. हे दाखवायला ब्रिटिश म्युझियमइतके बोलके उदाहरण दुसरे नाही, कारण तिथे ही ताटातूट एकदा नव्हे, अनेकदा झाली.

एकत्र जन्म आणि तीन फाळण्या

१७५३ साली ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून हे संग्रहालय स्थापले. पाया होता सर हान्स स्लोन या वैद्याचा संग्रह. त्यात सत्तर हजारांहून अधिक वस्तू होत्या: वाळवलेली झाडपाल्याची पाने, शिंपले, नाणी, आणि त्यांच्याबरोबरच हजारो पुस्तके व हस्तलिखिते. त्याच कायद्याने कॉटन आणि हार्ली या घराण्यांचे हस्तलिखितसंग्रहही त्यात आले. १७५९ साली संग्रहालय लोकांसाठी उघडले तेव्हा त्याचे तीन विभाग होते: हस्तलिखिते, छापील पुस्तके, आणि निसर्गनिर्मित व मानवनिर्मित वस्तू. म्हणजे तीनपैकी दोन विभाग पुस्तकांचे. संग्रहालयाच्या प्रमुखाचे पद ‘प्रिन्सिपल लायब्रेरियन’ या नावाने ओळखले जाई, आणि पुढे ‘डायरेक्टर’ हा शब्द आल्यावरही ते जुने नाव विसाव्या शतकात बराच काळ त्याला जोडलेले राहिले. स्लोनच्या पिढीला वस्तू आणि पुस्तक या ज्ञानाच्या दोन वेगळ्या शाखा वाटत नव्हत्या. शिंपला हातात घ्यायचा आणि शिंपल्यांचे पुस्तक शेजारी उघडायचे, अशी त्यांची अभ्यासाची रीत होती.

पहिली मोठी फाळणी १८८१ साली झाली. प्राणी, वनस्पती, जीवाश्म आणि खनिजे यांचे संग्रह दक्षिण केन्सिंग्टनमधल्या नव्या इमारतीत गेले. आजचे नॅचरल हिस्टरी म्युझियम ते हेच. वस्तू गेल्या, पण ग्रंथालय मुख्यतः ब्लूम्सबरीतल्या मूळ जागीच राहिले. याचा परिणाम काय झाला हे जोसेफ बँक्सच्या संग्रहावरून स्पष्ट दिसते. कॅप्टन कुकच्या पहिल्या सफरीत गेलेल्या या निसर्गशास्त्रज्ञाने वनस्पतींचा वाळवलेला संग्रह आणि निसर्गेतिहासाचे मोठे ग्रंथालय एकत्र वाढवले होते. त्याच्या ग्रंथालयाची पाच खंडांची सूची योनास ड्रायांडर याने तयार केली होती. रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हस्ते हे दोन्ही संग्रह १८२७ साली ब्रिटिश म्युझियममध्ये आले. १८८१च्या स्थलांतरात वाळवलेली झाडे दक्षिण केन्सिंग्टनला गेली आणि छापील पुस्तके मागे राहिली. ज्या माणसाने एकाच घरात, एकाच टेबलावर या दोहोंचा उपयोग केला, त्याच्या अभ्यासाचे दोन तुकडे शहराच्या दोन टोकांना गेले. नव्या इमारतीतल्या शास्त्रज्ञांना मग स्वतःचे ग्रंथालय जवळजवळ मुळापासून उभारावे लागले. त्यांनी ते उभारले तेव्हा एका मध्यवर्ती साठ्याला प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, भूविज्ञान आणि खनिजविज्ञान अशी विभागीय ग्रंथालयेही जोडली. पोटाला भूक लागावी तशी संग्रहाला पुस्तकांची भूक असते. जवळची पुस्तके काढून घेतली, तर तो नवी गोळा करतो.

दुसरी फाळणी थेट हिंदुस्थानाशी निगडित आहे. १८०१ साली ईस्ट इंडिया कंपनीने लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवरच्या आपल्या कचेरीत ग्रंथालय आणि वस्तुसंग्रह एकत्र सुरू केला. त्याचा पहिला ग्रंथपाल चार्ल्स विल्किन्स, भगवद्‌गीतेचा पहिला इंग्रजी अनुवादक. पुस्तके, हस्तलिखिते, मूर्ती, शस्त्रे, कापडाचे नमुने सारे एकाच छताखाली. १८७९ साली हे इंडिया म्युझियम बंद झाले. वस्तू साउथ केन्सिंग्टन म्युझियम (आजचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम), ब्रिटिश म्युझियम आणि क्यू येथील उद्यान यांच्यात वाटल्या गेल्या; पुस्तके आणि चित्रे मात्र कंपनीची जागा घेतलेल्या इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयात राहिली, आणि १९८२ साली ब्रिटिश लायब्ररीकडे आली.

आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपाच्या शिल्पांचे उदाहरण घ्या. ब्रिटिश म्युझियममध्ये त्यांचा नोंदणी क्रमांक ‘१८८०,०७०९’ याने सुरू होतो. हा आकडा म्हणजे तारीख आहे: वर्ष १८८०, महिना सातवा, दिवस नववा, आणि त्यानंतर वस्तूचा अनुक्रमांक. इंडिया म्युझियम मोडले त्या वाटणीचाच तो शिक्का. पण त्याच स्तूपाची कॉलिन मॅकेंझी या सर्वेक्षकाने १८१६-१७च्या सुमारास करवून घेतलेली रेखाचित्रे ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्या रेखाचित्रांतली कित्येक शिल्पे पुढे नाहीशी झाली. कोणता दगड मूळ कुठे बसवलेला होता हे ठरवायला ती चित्रेच आधार. म्हणजे दगड ब्लूम्सबरीत आणि दगडाची जागा सांगणारा कागद सेंट पँक्रासला, ब्रिटिश लायब्ररीच्या इमारतीत. दोन इमारती एकमेकींपासून चालत जाण्याइतक्या जवळ आहेत, ही अभ्यासकाला मिळालेली सवलत. पण दोन्ही संस्था वेगळ्या आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळी परवानगी, वेगळी नोंदणी, वेगळी सूची.

तिसरी फाळणी सर्वांत मोठी. १९७२च्या कायद्याने १ जुलै १९७३ रोजी ब्रिटिश लायब्ररी ही स्वतंत्र संस्था झाली. छापील पुस्तके आणि हस्तलिखिते तिच्याकडे गेली. सिडनी स्मर्कने बांधलेला, १८५७ पासून चाललेला वर्तुळाकार वाचनकक्ष १९९७ साली बंद झाला आणि ग्रंथालय सेंट पँक्रासला नव्या इमारतीत आले. रेषा कुठे ओढायची हा प्रश्न नाजूक होता. मुद्राचित्रे आणि रेखाटने संग्रहालयाकडे राहिली. चित्रमय हस्तलिखिते ग्रंथालयाकडे गेली, तर मुघल आणि दख्खनी चित्रांची सुटी पाने संग्रहालयात राहिली. ही रेषा शिवणीच्या बाजूने ओढली गेली असे म्हणता येईल: बांधलेले ते ग्रंथालयाचे, सुटे ते संग्रहालयाचे. विजापूर किंवा गोवळकोंड्याच्या चित्रकलेचा अभ्यास करणाऱ्याला म्हणून दोन्हीकडे जावेच लागते.

आपल्या भाषेपुरते सांगायचे तर जे. एफ. ब्लूमहार्ट याने ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयातील मराठी आणि गुजराती छापील पुस्तकांची सूची १८९२ साली प्रसिद्ध केली, आणि १९०५ साली मराठीसह अनेक भाषांतील हस्तलिखितांची. आजही आपल्याकडचे संशोधक एकोणिसाव्या शतकातील दुर्मीळ मराठी पुस्तकाच्या शोधात ब्लूमहार्ट उघडतात. सूचीच्या मुखपृष्ठावर ‘ब्रिटिश म्युझियम’ असले, तरी ती पुस्तके आता तिथे नाहीत. हे ठाऊक नसल्यामुळे चुकीच्या दारावर जाणे सहज घडते.

१९७३ नंतर संग्रहालयाकडे पुस्तके म्हणून जे उरले, ते मुख्यतः विभागांच्या कपाटांत होते. तोवर ती कपाटे अभिरक्षकांच्या हाताशी असलेली जादा सोय मानली जात; शेजारीच जगातले एक मोठे ग्रंथालय होते, मग त्यांची चिंता कोण करील? ते ग्रंथालय निघून गेल्यावर ही कपाटे संग्रहालयाचे खरे ग्रंथालय ठरली. २००० साली संग्रहालयाचे ग्रेट कोर्ट हे मधले प्रांगण उघडले तेव्हा वर्तुळाकार कक्षात पॉल हॅमलिन लायब्ररी हे सर्वसाधारण वाचकांसाठीचे ग्रंथालय सुरू झाले. पण २०११ साली ते बंद झाले. विभागांची कपाटे मात्र टिकली, आणि मला हे अपघाती वाटत नाही. सर्वसाधारण ग्रंथालयाला वाचक लागतो. विभागीय ग्रंथालयाला वस्तू पुरते.

कपाटात काय असते

विभागीय ग्रंथालयातील साहित्याचे स्वरूप विभागागणिक बदलते, आणि हा बदल समजणे म्हणजे निम्मे काम झाले. मुद्राचित्रांच्या विभागात सर्वांत महत्त्वाचे पुस्तक म्हणजे सूची. ऑस्ट्रियाचा आडाम फोन बार्ट्श याने १८०३ ते १८२१ या काळात एकवीस खंडांत युरोपातील चित्रमुद्रकांच्या कामाची सूची केली, आणि आजही अभ्यासक एखाद्या जुन्या मुद्राचित्राला बार्ट्श क्रमांकाने ओळखतात. पुस्तकातल्या ओळीचा क्रमांक वस्तूचे नाव झाला. इजिप्तच्या बाबतीत बर्था पोर्टर आणि रोझलिंड मॉस यांच्या ग्रंथसूचीचे खंड १९२७ पासून निघू लागले. त्यांची रचना लेखकाच्या नावावर किंवा विषयावर नाही, तर स्थळावर आहे: हे मंदिर, त्यातील ही भिंत, त्या भिंतीवरील हे दृश्य, आणि त्या दृश्याबद्दल आजवर कोणी कुठे लिहिले ते. मंदिर हीच तिथे सूची. इजिप्तच्या विभागात येणारा वाचक म्हणूनच आधी नकाशा मागतो.

वेशभूषेच्या संग्रहात चित्र वेगळे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमची १८७० सालची सनद संग्रहालय आणि कलाग्रंथालय या दोन्हींसाठी होती. म्हणजे ग्रंथालय त्याच्या जन्माच्या सनदेतच आहे. तिथल्या थॉमस जे. वॉटसन लायब्ररीसोबत अनेक विशेष ग्रंथालये आहेत. आफ्रिका, ओशनिया आणि अमेरिकेतील आदिम कलांसाठीचे रॉबर्ट गोल्डवॉटर ग्रंथालय मुळात नेल्सन रॉकफेलरने स्थापलेल्या एका वेगळ्या संग्रहालयाचे होते आणि वस्तूंबरोबर मेटमध्ये आले. तसेच आयरीन लुइसन यांच्या नावाचे वेशभूषेचे ग्रंथालय १९३७ साली सुरू झालेल्या वेशभूषा-संग्रहालयाबरोबर १९४६ साली आत आले. वेशभूषेच्या अभ्यासात मोठे ग्रंथ कमी पडतात. तिथे फॅशनची जुनी मासिके, शिंप्यांची आणि दुकानांची जाहिरातपत्रके, रेखाटने हाच खरा पुरावा. झग्याची तारीख पंडिताच्या ग्रंथापेक्षा त्या महिन्याचे मासिक अचूक सांगते.

लिलाव-सूचींकडे नवखा वाचक दुर्लक्ष करतो, आणि ती मोठी चूक आहे. वस्तू कुणाच्या हातातून कुणाकडे गेली, याचा माग प्रामुख्याने लिलावाच्या छापील सूचींवरून लागतो. त्यातही समासात पेन्सिलीने किंमत आणि खरेदीदाराचे नाव लिहिलेली प्रत असेल, तर ती एक प्रत शंभर छापील प्रतींच्या तोलाची. फ्रिट्स लुख्ट या डच अभ्यासकाने १९२१ साली संग्राहकांच्या शिक्क्यांचा कोश काढला आणि पुढे लिलाव-सूचींची सूची. मुद्राचित्रांच्या कोपऱ्यातला छोटा शिक्का कुणाचा हे ओळखायला तो कोश आजही उघडला जातो. चोरीच्या किंवा लुटीच्या वस्तूंचे प्रश्न आज संग्रहालयांपुढे उभे आहेत, त्यांची उत्तरे शोधायची असतील तर याच कपाटांशी जावे लागेल.

एका नाण्यामागे किती कागद

महाराष्ट्राशी घट्ट नाते असलेले एक उदाहरण विस्ताराने पाहू. भगवानलाल इंद्रजी मूळचे जुनागढचे, मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासाठी शिलालेखांचे ठसे घेता घेता ते स्वतः लिपिशास्त्राचे थोर पंडित झाले. १८८२ साली नालासोपाऱ्याच्या स्तूपातले अवशेष-करंडक त्यांनी शोधले. १८८८ साली मृत्यूपूर्वी त्यांनी आपली नाणी आणि मथुरेचे प्रसिद्ध सिंह-स्तंभशीर्ष ब्रिटिश म्युझियमला देण्याची इच्छा लिहून ठेवली. पश्चिम क्षत्रपांच्या नाण्यांवरचा त्यांचा निबंध इ. जे. रॅप्सन याने संपादित करून १८९० साली प्रसिद्ध केला. पुढे १९०८ साली याच रॅप्सनने आंध्र (म्हणजे सातवाहन), पश्चिम क्षत्रप, त्रैकूटक आणि बोधी घराण्यांच्या ब्रिटिश म्युझियममधील नाण्यांची सूची काढली. सातवाहनांच्या नाण्यांवर काम करणारा माणूस शंभरहून अधिक वर्षांनंतरही त्या सूचीशिवाय पुढे जाऊ शकत नाही.

त्याच सुमारास, १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी येथे क्षत्रप राजा नहपान याच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. क्षत्रपांचा पराभव करणाऱ्या राजाने शत्रूची नाणी वितळवली नाहीत. त्यांच्यावर आपले चिन्ह उमटवून ती चालू ठेवली. या साठ्याचा अभ्यास मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आला.

आता एखादा अभ्यासक नाण्यांच्या विभागात बसून अशा एका ठसा मारलेल्या नाण्याकडे पाहतो. त्याला लागेल रॅप्सनची सूची; इंद्रजींचा १८९०चा निबंध; मुंबईच्या नियतकालिकाचा तो अंक; नंतरच्या काळात सापडलेल्या साठ्यांच्या नोंदी; आणि नाणे संग्रहात कोणत्या तारखेला, कोणाकडून आले ती नोंद. साध्या ग्रंथालयात यांतील प्रत्येक गोष्ट वेगळ्या मजल्यावर असेल: सूची एकीकडे, नियतकालिके दुसरीकडे, नोंदवही तर नसेलच. विभागात ती सारी एकाच कपाटाच्या आसपास असतात, कारण तिथला क्रम घराण्यांचा आणि टांकसाळींचा असतो. निबंधाची स्वतंत्र छापलेली प्रत, जिला मोठे ग्रंथालय स्वतंत्र पुस्तक मानत नाही, ती तिथे राजवंशानुसार पेटीत ठेवलेली असते. विभागीय ग्रंथालयाचे सर्वांत मोठे बळ याच छोट्या पेट्यांत आहे असे माझे मत आहे. पुस्तक कुठेही मिळते. पन्नास वर्षांपूर्वीचा आठ पानांचा निबंध, त्यावर अभिरक्षकाने हाताने केलेली दुरुस्ती, हे दुसरीकडे मिळत नाही.

पुस्तक हाच नमुना

वस्तू आणि पुस्तक यांच्यातील सीमा कधीकधी नाहीशीच होते. सतराव्या शतकात डच मलबारचा सेनापती हेंद्रिक फान रेड याने ‘होर्तुस मालाबारिकुस’ या बारा खंडांच्या ग्रंथात केरळातील वनस्पतींची चित्रे आणि वर्णने प्रसिद्ध केली. हे खंड अॅमस्टरडॅममध्ये १६७८ ते १६९३ या काळात निघाले. कामात इट्टी अच्युतन या वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे कोचीनचे तीन कोकणीभाषक पंडितही होते. त्यांचे नागरी लिपीतील कोकणी निवेदन पहिल्या खंडात छापले गेले, आणि चित्रांवर वनस्पतींची नावे नागरीतही दिली गेली. छापील कोकणीच्या इतिहासात या पानांना मोठे स्थान आहे.

लिनियसने वनस्पतींना नावे देताना या ग्रंथाचा भरपूर आधार घेतला. पण त्याच्यापुढे अनेकदा झाड नव्हते, फक्त ही चित्रे होती. वनस्पतिशास्त्राच्या नामकरण-नियमांनुसार नावाला एक मूळ नमुना लागतो; वाळवलेले झाड नसेल तर प्रकाशित चित्र हाच नमुना मानता येतो. लिनियसच्या अनेक नावांसाठी रेडच्या ग्रंथातील पान हेच प्रमाण ठरले आहे. म्हणजे हा ग्रंथ ग्रंथालयातील कपाटात उभा असला, तरी शास्त्राच्या दृष्टीने तो वनस्पतिसंग्रहात पडलेला नमुना आहे. त्याला कोणत्या कपाटात ठेवाल?

अजिंठ्याची गोष्टही याच जातीची. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करून घेतल्या. त्या साउथ केन्सिंग्टन म्युझियमला गेल्या, आणि तिथे १८८५ सालच्या आगीत त्यांतल्या पुष्कळ जळाल्या. त्याआधी रॉबर्ट गिल यांनी केलेल्या नकलांचा मोठा भाग १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेला होता. ग्रिफिथ्स यांचा अजिंठ्यावरचा दोन खंडांचा ग्रंथ १८९६-९७ साली निघाला. लेण्यातील मूळ चित्रे झिजत गेली, नकला जळाल्या, आणि मग त्या ग्रंथाची पाने स्वतः पुरावा झाली. अशा ग्रंथाकडे केवळ संदर्भग्रंथ म्हणून पाहता येत नाही.

प्रवेश

विभागीय ग्रंथालयाचे दार बहुतेक ठिकाणी रस्त्यावर उघडत नाही. आधी लिहावे लागते, वेळ ठरवावी लागते, आणि कशासाठी येता हे सांगावे लागते. यात अभ्यासकाला दूर ठेवण्याचा हेतू नसतो. ती पुस्तके विभागातील माणसांची कामाची साधने असतात. तुम्ही मागितलेला खंड त्या क्षणी एखाद्या अभिरक्षकाच्या टेबलावर उघडा असू शकतो. दुसरे कारण असे, की पुस्तके आणि वस्तू एकाच खोलीत पाहायच्या असतील, तर कर्मचाऱ्याला समोर बसावे लागते. वस्तू जवळ असतात म्हणून शाई चालत नाही, पेन्सिल चालते. पिशव्या बाहेर ठेवाव्या लागतात. जुने पुस्तक मऊ उशीवर टेकवून उघडतात. हातमोज्यांचा आग्रह मात्र प्रामुख्याने छायाचित्रे आणि धातूच्या वस्तूंसाठी असतो. जुन्या कागदासाठी स्वच्छ, कोरडे हात अधिक सुरक्षित, कारण मोज्यातल्या बोटाला पानाची कड जाणवत नाही.

विनंतीपत्र कसे लिहावे यावर बरेच काही अवलंबून असते. ‘सातवाहनांवर वाचायचे आहे’ असे लिहिले, तर उत्तर येईल की ब्रिटिश लायब्ररीत जा, आणि ते उत्तर बरोबर असेल. ‘नहपानाच्या, गौतमीपुत्राने पुन्हा ठसा मारलेल्या तुमच्या संग्रहातील नाण्यांवर नंतर झालेल्या दुरुस्त्या पाहायच्या आहेत’ असे लिहिले, तर उत्तर वेगळे येते, कारण प्रश्न विभागाच्या भाषेत आला. वस्तूचा नोंदणी क्रमांक आधी संग्रहालयाच्या ऑनलाइन सूचीतून काढून पत्रात द्यावा. त्या सूचीत वस्तूसोबत संदर्भग्रंथही दिलेले असतात. विभागात जाऊन पहिल्या दिवशी काय मागायचे ते त्यांवरूनच ठरते. आणि ज्याचे उत्तर बाहेरच्या पुस्तकात मिळेल, ते आधी बाहेर वाचून घ्यावे. विभागातील माणसांचा वेळ फार थोडा असतो, आणि तयारीने आलेल्या माणसाशी ते अतिशय मोकळेपणाने बोलतात.

ब्रिटिश म्युझियममधले मानववंशशास्त्राचे ग्रंथालय बंद दाराच्या या नियमाला अपवाद ठरले, आणि तो अपवाद का झाला हे पाहण्यासारखे आहे. रॉयल अँथ्रोपॉलॉजिकल इन्स्टिट्यूटचे ग्रंथालय १९७६ साली संग्रहालयाच्या मानववंशविभागाच्या ग्रंथालयात विलीन झाले. त्यामुळे विभागाचे कपाट आणि विद्वत्संस्थेचे ग्रंथालय एकत्र आले. बाहेरचा वाचक आधीपासूनच त्या संस्थेचा होता. तिथे येणाऱ्या नियतकालिकांतील लेखांची अनुक्रमणी त्या संस्थेने वर्षानुवर्षे चालवली आणि पुढे ती इंटरनेटवर आली. आदिवासी समाजांवर लिहिणाऱ्या मराठी संशोधकाला ती लंडनला न जाताही वापरता येते. दक्षिण केन्सिंग्टनमधील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमची नॅशनल आर्ट लायब्ररीही अशीच, पण उलट दिशेने आलेली: तिचे मूळ १८३७च्या आरेखनशाळेच्या ग्रंथालयात आहे, म्हणजे संग्रहालयापेक्षा ते जुने. १८७० साली तिने जगात कुठेही असलेल्या कलाविषयक पुस्तकांची एक वैश्विक सूची छापण्याचा प्रयत्न केला. असे काम ग्रंथालयातून जन्मलेली संस्थाच करू धजते. वस्तूतून जन्मलेली संस्था आपल्या वस्तूपुरतेच पाहते.

आपल्याकडे पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात १९१० पासून दप्तरे, पोथ्या, नाणी, चित्रे आणि पुस्तके एकाच आवारात सांभाळली गेली, आणि मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे ग्रंथालयाच्या पोटात सोपाऱ्याचे अवशेष आणि नाणी आहेत. लंडनमध्ये कायद्याने तुटलेली जोडी इथे तुटलेली नाही. ब्रिटिश धर्तीवर ती वेगळी करावी असे कोणी सुचवले, तर बँक्सची पुस्तके आणि त्याची झाडे कुठे कुठे आहेत, ते त्याला दाखवावे.

रॅप्सनची सूची आज संगणकावर घरबसल्या उघडता येते, आणि त्यामुळे लंडनला जाण्याचे कारण उरले नाही असे वाटू शकते. स्कॅन केलेली ती प्रत बहुधा एखाद्या विद्यापीठाच्या ग्रंथालयातील असते, छापली तशी कोरी. विभागांत मात्र आपल्याच सूचीची एक कामाची प्रत ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे: पानांमध्ये कोरे कागद घातलेली, नंतर आलेल्या नाण्यांची भर, चुकीच्या वाचनांच्या दुरुस्त्या, कोणते नाणे खोटे ठरले याची टीप. ती प्रत ग्रंथसूचीत स्वतंत्र नोंदलेली असेलच असे नाही. म्हणून विनंतीपत्रात, वस्तूच्या क्रमांकाच्या खाली, ‘या सूचीची विभागाची टिपांसह प्रत असल्यास पाहायला मिळावी’ अशी एक ओळ जरूर घालावी.